मुशीत जाण्याआधी रुपया वाचायला हवा

२०२५ साली चांदीने किलोमागे दीड लाखाचा टप्पा ओलांडला आणि देव्हाऱ्यातल्या डब्या उघडू लागल्या. आजीच्या ट्रंकेत, लक्ष्मीपूजनाच्या तबकात, जुन्या कपाटाच्या चोरकप्प्यात पडून राहिलेले राणीछाप आणि राजाछाप रुपये सराफाच्या काट्यावर येऊ लागले. तिथला हिशेब सरळ असतो. १८३५च्या कायद्याने ठरलेला रुपया १८० ग्रेन वजनाचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन, म्हणजे १०.६९ ग्रॅम. दीड लाखाच्या भावाने एका रुपयाचे सोळाशे होतात. सराफ झीज आणि घट धरून थोडे कमी देतो, रुपये मुशीत जातात, घरात पैसे येतात. पैशाची गरज असलेल्या घराला यात दोष देता येणार नाही. वाईट एवढेच वाटते, की वितळण्याआधी त्या नाण्यावर काय लिहिले आहे हे कोणीच पाहिलेले नसते.

दुसऱ्या टोकाला मोबाइलवरचे व्हिडिओ आहेत. वैष्णोदेवीची प्रतिमा असलेले पाच रुपयांचे नाणे असेल तर लाखो मिळतील, राणीचा रुपया असेल तर घर होईल, असे छातीठोकपणे सांगणारे. त्यांच्या नादी लागून नोंदणी शुल्क, कमिशन, कर अशा नावांखाली पैसे गमावलेली माणसे राज्यभर आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे व्यवहार होत असल्याचे दिसल्यावर ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला होता, की जुनी नाणी आणि नोटांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा काही संबंध नाही आणि त्यासाठी ती कोणाकडून शुल्क घेत नाही. वितळवणारा नाण्याचे वजन पाहतो, लाखांची स्वप्ने बघणारा त्याचे वय पाहतो. नाण्याची किंमत या दोन्हींवर फार थोडी अवलंबून असते.

वयाचेच आधी घेऊ. १९१८ आणि १९१९ सालचे पंचम जॉर्जचे रुपये आज शंभरी ओलांडून बसले आहेत, तरी महाराष्ट्रातल्या कुठल्याही सराफाकडे ते मूठभर मिळतात. याला कारण पहिले महायुद्ध. युद्धसाहित्य पुरवणाऱ्या हिंदुस्थानात पैशाची मागणी वाढली, जगभर चांदी महागली, लोक नोटा देऊन रुपये मागू लागले आणि सरकारी तिजोरीतली चांदी आटत गेली. नोव्हेंबर १९१७ मध्ये सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली ती याच टंचाईमुळे. पुढच्या वर्षी अमेरिकेने पिटमन कायदा केला. त्या कायद्याखाली अमेरिकेच्या खजिन्यातले चांदीचे २७ कोटी डॉलर वितळवले गेले आणि त्यातल्या जवळपास २६ कोटी डॉलरांची चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटिशांना विकली गेली. तिचे रुपये मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत पडले. १९१८ आणि १९१९ या दोन वर्षांत दोन्ही टांकसाळींनी मिळून दरवर्षी चाळीस कोटींहून अधिक रुपये पाडले. इतक्या संख्येने पडलेले नाणे कितीही जुने झाले, तरी आणखी बराच काळ ते दुर्मीळ म्हणवणार नाही.

या गोष्टीचा दुसरा भाग अमेरिकेत घडला. कुठल्या सालचे किती डॉलर वितळले याची नोंद कोणी ठेवली नाही. त्यामुळे टांकसाळीच्या वहीत लाखोंनी दिसणारी काही सालांची नाणी प्रत्यक्षात फार थोडी उरली, आणि तिथल्या संग्राहकांना हे कळायला अनेक वर्षे गेली. दुर्मीळतेचा पहिला धडा इथेच मिळतो. किती पाडली हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. किती उरली, आणि उरलेली कोणत्या अवस्थेत उरली, हे त्याहून महत्त्वाचे.

आपल्याकडेही वहीतले आकडे असेच फसवतात. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली, आणि त्यानंतर जुने पूर्ण चांदीचे रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून बाद होत गेले. १९४१ मध्ये राणीचे, मग एडवर्डचे, मग दोन्ही जॉर्जचे. जे सरकारात परत गेले ते वितळले. निम्म्या चांदीच्या रुपयांनाही पुढे तीच वाट धरावी लागली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने हिंदुस्थानला उसनी दिलेली २२ कोटी ६० लाख औंस चांदी परत करायची होती, त्यासाठी १९५०च्या दशकात ही नाणी गोळा करून कोलकात्याच्या अलीपूरमध्ये त्यांतली चांदी वेगळी काढण्यात आली. तरीही सहाव्या जॉर्जचा १९४४चा रुपया आणि १९३९चा रुपया शेजारी ठेवले, तर एकाच राजाच्या दोन नाण्यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. पहिला कुठल्याही जुन्या बाजारात मिळतो. दुसरा पूर्ण चांदीच्या काळाच्या अगदी शेवटचा, आणि खरा रुपया पाहायला मिळाला तर संग्राहकाचे हात थरथरतात.

खरा हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. १९३८चा रुपया सहज मिळतो, म्हणून त्यातला आठाचा आकडा कोरून, चांदी सरकवून त्याचा नऊ करणारे कारागीर आहेत. भिंगाखाली त्या आकड्याभोवतीची जमीन खरवडलेली किंवा चमक वेगळी दिसते. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग हे या छंदातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी हत्यार आहे, आणि बहुतेक नवे संग्राहक ते सर्वांत शेवटी विकत घेतात.

१९११च्या रुपयाची कथा पुष्कळांना ठाऊक असते. पंचम जॉर्जच्या छातीवरच्या झग्यावर मानाच्या साखळीतला हत्ती कोरलेला होता, त्याची सोंड आणि पाय इतके आखूड पडले की लोकांना तो डुकरासारखा दिसला. असंतोष उसळला, नाणी वितरणातून काढून घेतली गेली, आणि १९१२ पासून हत्तीची सोंड नीट दिसेल असा नवा ठसा आला. बाहेर पडलेली नाणी थोडीच होती, तरी ती कथेमुळे जपली गेली. आज १९११चा रुपया साध्या रुपयापेक्षा महाग नक्कीच आहे, पण त्याच्या मालकाने नोकरी सोडावी इतका नाही. कथा प्रसिद्ध असली की मागणी वाढते, आणि भाव हा पुरवठा आणि मागणी यांच्या झटापटीतून ठरतो. याउलट काही संस्थानी नाणी खरोखर बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि त्यांना गिऱ्हाईक नाही म्हणून ती स्वस्तात जातात.

सालाबद्दल आणखी एक सांगायला हवे. नाण्यावरचे साल नेहमी ते नाणे पडल्याचे साल असतेच असे नाही. राणीचा १८४० सालचा रुपया १८६२ पर्यंत त्याच सालाने पडत राहिला, आणि १८६२ सालचा पुढे १८७०च्या दशकात शिरेपर्यंत. मुंबईच्या टांकसाळीतल्या रुपयांवर मागच्या बाजूच्या नक्षीत बारीक ठिपके दिसतात. अभ्यासकांनी त्या ठिपक्यांची संख्या आणि जागा मोजून प्रकार लावले आहेत. डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दहा रुपयांत एखादा असा निघतो, की ठिपक्यांच्या मांडणीमुळे त्याची किंमत उरलेल्या नऊंपेक्षा जास्त होते. हे दहाही एकाच वेळी मुशीत जातात तेव्हा काय गेले हे विकणाऱ्यालाही कळत नाही आणि घेणाऱ्यालाही.

दुर्मीळतेइतकेच वजन अवस्थेला आहे. अवस्था पाहायची म्हणजे नाण्याची उंच टोके पाहायची, कारण झीज तिथून सुरू होते. राणीच्या रुपयावर मुकुटाची नक्षी, गाल, केसांच्या बटा आणि झग्यावरचे भरतकाम आधी सपाट होते. एडवर्डच्या डोक्यावर मुकुट नाही, म्हणून कानावरचे केस आणि दाढी झिजली की संपूर्ण चेहरा गुळगुळीत दिसू लागतो. त्याचे झिजलेले रुपये भरपूर आणि कोरे करकरीत फार थोडे. पंचम जॉर्जच्या बाबतीत मुकुटावरची रत्ने आणि झग्यावरचा तो हत्तीच साक्ष देतात. त्यानंतर चमक पाहायची. न वापरलेले नाणे दिव्याखाली तिरके फिरवले की प्रकाशाची पट्टी नाण्याच्या पृष्ठभागावर गोल फिरते. ही चमक ठशाच्या दाबाने धातूत उमटलेल्या अतिसूक्ष्म रेषांची असते. एकदा घासली गेली की ती कोणीही परत आणू शकत नाही. उंच टोक सपाट आहे पण त्याच्यावर चमक आहे, तर ती झीज नसून ठसाच कच्चा बसलेला असतो. हा फरक ओळखायला महिने लागतात आणि त्यासाठी शेकडो साधी नाणी हातांखालून जावी लागतात. सराव करायला १९१८-१९च्या रुपयांइतकी चांगली शाळा नाही.

बाजारात आता अवस्थेला आकडे आले आहेत. एक ते सत्तर ही मोजपट्टी विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने १९४९ मध्ये तिथल्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी बनवली. सत्तर अंकाचे नाणे एक अंकाच्या नाण्यापेक्षा सत्तरपट किमतीचे, असा त्यामागचा मूळ हिशेब. १९८०च्या दशकात अमेरिकेत नाणी तपासून, आकडा देऊन, प्लास्टिकच्या बंद पेटीत घालून देणाऱ्या कंपन्या सुरू झाल्या, आणि आता भारतातल्या लिलावांतही अशा पेट्या दिसतात. खोट्या मालापासून त्या काही प्रमाणात वाचवतात हे खरे. पण आकडा विकत घेऊन नाणे न पाहणारी एक पिढी त्यांनी घडवली आहे, आणि हे नुकसान लहान नाही. खुद्द शेल्डनच्या मृत्यूनंतर उघडकीस आले, की त्याने अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली उत्तम सेंट काढून घेऊन त्यांच्या जागी हलकी नाणी ठेवली होती. ही अदलाबदल सिद्ध झाली ती जुन्या छायाचित्रांशी नाणी ताडून पाहिल्यामुळे. छायाचित्र आणि नोंद यांचे मोल किती, हे सांगायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

महाराष्ट्रातल्या घरांत नाण्याचा सर्वांत मोठा शत्रू मात्र दिवाळी आहे. लक्ष्मीपूजनाला रुपये चिंचेने, लिंबाने, रांगोळीने, दंतमंजनाने लखलखीत घासले जातात. मागचा हेतू भक्तीचा असतो, आणि देवापुढचे चांदीचे नाणे काळे राहू नये ही भावना कोणालाही समजेल. पण चांदीवरचा काळपटपणा म्हणजे हवेतल्या गंधकाशी झालेला संयोग. तो पातळ थर आतल्या धातूला झाकून ठेवतो. घासताना त्या थराबरोबर धातूही निघतो, आणि भिंगाखाली एकाच दिशेने गेलेल्या असंख्य बारीक ओरखड्यांची जाळी दिसते. असे नाणे कितीही दुर्मीळ असो, त्याचा भाव खाली येतो. त्यावर तोडगा सोपा आहे. पूजेसाठी दोन-चार झिजलेले साधे रुपये वेगळे ठेवावेत, ते दरवर्षी घासावेत, आणि बाकीच्यांना पाण्याचा थेंबही लागू देऊ नये. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांचे अल्बमही टाळावेत, त्यांतून निघणारी रसायने काही वर्षांत चांदीवर हिरवट चिकट थर आणतात. कागदाचे पाकीट, त्यावर पेन्सिलने लिहिलेली माहिती, आणि नाणे नेहमी कडेने धरण्याची सवय. यापलीकडे फार खर्च लागत नाही.

कडी जोडलेल्या रुपयांचा प्रश्न वेगळा. बंजारा बायकांच्या दागिन्यांत, सातपुड्यातल्या भिल-पावरांच्या माळांत चांदीचे रुपये ओवलेले असतात. संग्राहकाच्या भाषेत डाग दिलेले नाणे खराब झालेले, म्हणून व्यापारी माळा तोडतात, कड्या काढतात, डाग घासून लपवतात आणि नाणी सुटी विकतात. इथे संग्राहकांनी स्वतःला आवर घालायला हवा. तीन पिढ्यांनी भर घालत बनवलेल्या माळेत कुठल्या सालांचे रुपये आहेत, अधेल्या किती, पावल्या किती, यावरून त्या घराकडे पैसा कधी आला आणि कधी आटला हे वाचता येते. सुटी झालेली नाणी हे सांगू शकत नाहीत.

यंत्राने पाडलेल्या कलदार रुपयाचे निकष मराठ्यांच्या रुपयाला लावले तर गफलत होते. पेशवाईतला रुपया हाताने पाडलेला. चांदीचा गोळा तोलून, चपटा करून, दोन ठशांमध्ये ठेवून त्यावर हातोडा मारत. ठसा नाण्याहून मोठा असे, त्यामुळे मजकुराचा एक तुकडाच नाण्यावर उमटे. म्हणून इथे झीज किती हे विचारण्याआधी ठशाचा कोणता भाग नाण्यावर आला आहे हे विचारतात. टांकसाळीचे नाव दिसते का, सन दिसतो का, चिन्ह पूर्ण आहे का. अंकुशाचे चिन्ह असलेला पुण्याचा अंकुशी रुपया, जरीपटका असलेला चांदवडचा, गुलशनाबाद म्हणजे नाशिकच्या टांकसाळीचा, अशी कितीतरी नाणी फारसी अक्षरांत दिल्लीच्या शहाआलम बादशहाचे नाव वागवतात. घरात ती सापडली की बहुतेकांना ती मोगली वाटतात, आणि फारसी वाचता येत नसल्याने त्यांची गणती मोडीत होते. त्यातला अंकुशी रुपया तर थक्क करणारा दस्तऐवज आहे. नाव दिल्लीच्या बादशहाचे, चिन्ह मराठ्यांचे, आणि १८१८ नंतर पाडलेले, फसली सन असलेले रुपये कंपनी सरकारने काढलेले. पेशवाई बुडाली तरी बाजाराला ओळखीचेच नाणे लागत होते, आणि नव्या सत्तेला ते द्यावे लागत होते. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे सनाचा आकडा वाचता आला तर हा रुपया पेशव्यांचा की कंपनीचा हे घरबसल्या ठरवता येते.

त्या काळी नाण्याच्या जुनेपणाला उलटी किंमत होती. नाणे वर्ष-दोन वर्षे जुने झाले की सराफ त्याच्यावर बट्टा कापत. वजन कमी झाले असो वा नसो, कारकिर्दीचे जुने वर्ष दिसले की कपात ठरलेली. बंगालमध्ये कंपनीने या बट्ट्याला कंटाळून सिक्का रुपयावर शहाआलमच्या कारकिर्दीचे १९ वे वर्षच गोठवून टाकले, आणि पुढे अनेक वर्षे नवे रुपये त्याच जुन्या सनाने पाडले. रुपये पारखून घेणारे सराफ त्यांच्यावर पंचाने बारीक छाप मारत. आजच्या आकडेवाल्या तपासणीत असे छाप म्हणजे इजा. खरे तर ते त्या नाण्याच्या प्रवासाचे शिक्के आहेत, आणि एखाद्या रुपयावर असे चार-पाच छाप असतील तर संग्राहकाने तो आनंदाने घ्यावा.

मराठा टांकसाळींवर के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा ग्रंथ १९८९ मध्ये आला. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था १९८० पासून उभी आहे, ती परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारख्या विद्वानाच्या पुढाकाराने. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाकडे नाणी आहेत, मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आहे. एवढी साधने हाताशी असलेली राज्ये देशात थोडी आहेत. तरी अंकुशी रुपया दाखवला तर तो ओळखणारा माणूस तालुक्याच्या गावी सापडत नाही. इतिहासाच्या पदवी अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने एकही खरे नाणे हातात न घेता तीन वर्षे काढता येतात, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

खोट्या नाण्यांबद्दल थोडक्यात. ईस्ट इंडिया कंपनीने राम दरबार, हनुमान, लक्ष्मी यांची चित्रे असलेली नाणी चलनात कधीही आणली नाहीत. १६१६, १७१७, १८१८ अशी साले घालून विकली जाणारी ही नाणी आधुनिक बनावट आहेत, आणि तांदूळ ओढून घेणाऱ्या चमत्कारी नाण्याच्या नावाने होणारी फसवणूक त्यांच्याच आधाराने चालते. चांदीच्या रुपयाच्या बाबतीत खोटे नाणे बहुधा ओतीव असते. त्याची अक्षरे मऊ, पृष्ठभागावर बारीक छिद्रे, कडेवर सांधा. लोहचुंबक लावून पाहावा. मग वजन. शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा आता सहज मिळतो. १९०६च्या कायद्याने दोन टक्क्यांपर्यंत झिजलेला रुपया चलनात चालत होता, म्हणजे ११.४३ ग्रॅमचा रुपयाही खरा असू शकतो. खात्री हवी असेल तर काट्यावर पाण्याचा पेला ठेवून, दोऱ्याने नाणे पाण्यात तळाला न टेकता लोंबकळत सोडावे. पूर्ण चांदीचा रुपया असेल तर काटा १.१३ ग्रॅमच्या आसपास वाढ दाखवतो. शिशाचे किंवा जस्ताचे खोटे नाणे इथे उघडे पडते. नाणे आपटून आवाज ऐकण्याची जुनी पद्धत मात्र आता सोडून द्यावी, तिने चांगल्या नाण्याची कड ठेचली जाते.

आता मूळ दुखण्याकडे. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षहरात राजा नहपानाची. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा मारलेले होते. नहपानाच्या चेहऱ्यावर तीन कमानींचा डोंगर, आणि मागे उज्जैनीचे चिन्ह. एच. आर. स्कॉट यांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सातवाहनांनी क्षहरातांचा पराभव केला हे नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखात कोरलेले आहेच. पण हरलेल्या राजाचा पैसा गोळा करून त्याच्या तोंडावर जिंकलेल्याचा शिक्का मारला गेला, हे या साठ्याने हातात दिले. अवस्थेच्या आकड्यांनी पाहिले तर ही नऊ हजार नाणी बिघडलेली. त्यांचे मोल बिघडण्यातच आहे, आणि ते मोल दिसले कारण साठा एकत्र राहिला. नाणी वेगवेगळ्या बाजारांत विखुरली असती, तर पुन्हा ठसा मारलेल्यांचे प्रमाण किती हे कोणालाही कळले नसते. आज शेतात नांगराला लागलेल्या मडक्यातली नाणी विखुरतात, आणि नुकसान नेमके हे होते.

ती का विखुरतात याचे उत्तर १८७८च्या निखात निधी कायद्यात आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा गाडलेला ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक, न कळवल्यास शिक्षा. सरकारने तो ऐवज ताब्यात घेतला तर मोबदला किती? त्यातल्या धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश भाग. म्हणजे जोगलटेंभीसारखा साठा उद्या सापडला, तर सरकारच्या हिशेबी तो काही किलो चांदी ठरतो. सराफ वजन पाहतो म्हणून त्याला नावे ठेवायची, आणि कायद्यानेही वजनच पाहायचे. शेतकऱ्याला सराफाकडे रात्रीत पैसे मिळतात. सरकारी वाटेवर चौकशी, पंचनामा, वर्षांची वाट आणि शेवटी सराफापेक्षा वीस टक्के जास्त, तेही हाती पडतील तेव्हा. माणूस मुशीकडे जातो यात नवल काय?

इंग्लंडने आपला कायदा १९९६ मध्ये बदलला. तिथे सापडलेल्या साठ्याचा बाजारभाव स्वतंत्र समिती ठरवते, आणि संग्रहालयाला तो घ्यायचा असेल तर तेवढी रक्कम शोधणाऱ्याला आणि जमीनमालकाला वाटून द्यावी लागते. सोबत साध्या शोधांची स्वेच्छेने नोंद करण्याची योजना सुरू झाली, आणि तिच्यात आजवर दहा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या. तिथले शेतकरी आपल्या शेतकऱ्यांपेक्षा अधिक प्रामाणिक आहेत म्हणून हे झाले नाही. कळवणे फायद्याचे ठरले म्हणून झाले.

भारतात १८७८च्या कायद्यातला धातूच्या किमतीचा निकष काढून तिथे बाजारभावाचा निकष यायला हवा, आणि मोबदल्याला मुदत हवी. ही मागणी महाराष्ट्राने पुढे रेटावी, कारण सातवाहनांपासून पेशव्यांपर्यंतची चांदी याच मातीत गाडलेली आहे. संग्राहकांच्या संघटनांनीही यात उतरावे. शंभर वर्षांवरचे नाणे पुरावस्तू ठरते, ते खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही, आणि १९२२ पर्यंतचे सगळे चांदीचे रुपये आता या मर्यादेत आले आहेत. चोख नोंद असलेले नाणे बाळगणे संग्राहकाच्याच हिताचे आहे.

कायदा बदलायला वेळ लागेल. पण सराफ संघटनांना आपल्या सभासदांना आजच सांगता येईल, की वितळवण्याआधी प्रत्येक हाताने पाडलेल्या नाण्याच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्या, वजन आणि गावाचे नाव टिपून ठेवा. मोबाइल प्रत्येक दुकानात आहे, एका नाण्याला मिनिटभर पुरते. जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने महिन्यातून एक दुपार लोकांची नाणी विनामूल्य वाचून द्यावी, आणि विद्यार्थ्यांकडून त्यांची यादी करून घ्यावी. आणि प्रत्येक तहसील कार्यालयाच्या फलकावर शेतकऱ्यांसाठी चार ओळी लावाव्यात: मडके सापडले तर फोडू नका. नाणी धुऊ नका. वाटून घेऊ नका. जागेची खूण ठेवा आणि तलाठ्याला कळवा.